नसलेली नस

माणसाने आपली दाढदुखी चारचौघांत सांगू नये. आपण 'दाढ' म्हणेपर्यंत समोरचा स्वतःची कवळी काढून दाखवतो. तरीही मी सांगणार आहे. कारण माझी दाढ दुखली ती तिची नस काढून टाकल्यावर.

श्रावणात वरच्या उजव्या दाढेचे रूट कॅनॉल केले. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. पण डॉक्टरांनी हौसेने सारे समजावले. मुळांतल्या बारीक नळ्यांमधली नस काढायची, नळ्या धुऊन त्यांत गटापर्चा भरायचा. हा गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातून तारायंत्राची तार टाकली, तिच्यावर वेष्टण होते ते याच चिकाचे. समुद्राखालून निरोप पोचवणारा हा चीक माझ्या दाढेत निरोप बंद करायला बसला होता. मला गंमत वाटली.

निरोप बंद झाले नाहीत. मुळाभोवती सूज असते, चार-आठ दिवस दुखेल, हे डॉक्टरांनी सांगितलेच होते. पण गणपती आले नि गेले, नवरात्र आले, तरी भाकरीचा पापुद्रा त्या बाजूला गेला की कळ थेट कानशिलात. पुन्हा एक्स-रे काढला.

"काही नाही सर. नसच नाही, तर दुखेल कशानं?"

तर्क बिनचूक होता. माझ्या दाढेला तर्क कळत नव्हता, एवढेच. घरी बायको म्हणाली, "मनाचं असेल." हळूहळू मलाही तसेच वाटू लागले. मी सांगायचे सोडले आणि डाव्या बाजूने जेवू लागलो.

अशाच एका रात्री मिठाच्या गुळण्या करायला उठलो, तर आई अंधारात बसलेली. डाव्या कुशीवरचा पदर तिने दोन बोटांनी अंगापासून दूर धरला होता.

"झोपली नाहीस?"

"तुझी दाढ दुखतेय ना?"

"हो. पण डॉक्टर म्हणतात, नसच नाही."

"दुखतं रे तसं," ती म्हणाली. "जागा जाते, दुखणं राहतं."

दोन वर्षांपूर्वी आईला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या. त्यानंतरही ती म्हणे, आग होते, लुगडे लागले तरी सहन होत नाही. एके दिवशी वह्या तपासता तपासता मी म्हणालो होतो, "आई, आता डागसुद्धा उरला नाही. कशाला बाऊ करतेस?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. ती बरी झाली, असे मी धरून चाललो. माझ्या दुखण्यावर घरात पहिला विश्वास ठेवला तो तिने. आणि तिच्यावर मी ठेवला नव्हता.

पुढे दुसऱ्या दंतवैद्यांनी दाढ पुन्हा उघडली. तिथे चौथी नळी निघाली. वरच्या दाढेत अशी नळी पुष्कळदा असते. सपाट चित्रात ती दुसरीच्या मागे लपते. दाढ खोटे बोलत नव्हती. चित्रात मावत नव्हते, इतकेच.

त्याच आठवड्यात आईला डॉक्टरांकडे नेले. नागिणीचा विषाणू कांजिण्यांचाच. तो नसांत वर्षानुवर्षे दडून असतो. उठतो तेव्हा नसच पोळून काढतो. कातडी बरी होते, पण नसेचा दाह महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. आणि तो शांत करणारी औषधे आहेत.

"आजी, इतके दिवस सांगितलं का नाही?" डॉक्टरांनी विचारले.

आईने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "राहून गेलं."

यंदा दिवाळीची चकली मी उजव्या बाजूने फोडली. आईची आग अजून पुरती गेलेली नाही. रात्री मी विचारतो, "आज कसं आहे?" ती म्हणते, "आहे थोडं." हे थोडे म्हणजे किती, ते ऐकायला मी आता वह्या बाजूला ठेवून तिच्यापाशी बसतो.