सात सह्यांची समिती

जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे पहिले नियम २००४ चे. प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी, हे त्यात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या गोदाकाठच्या गावाला मात्र ते कळायला २०१९ ची दिवाळी उलटली, आणि कळलं तेही दंडाच्या धाकाने. राष्ट्रीय हरित लवादाने त्या वर्षीच्या ऑगस्टात सगळ्या राज्यांना बजावलं होतं, की ३१ जानेवारी २०२० पर्यंत गावोगाव समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर १ फेब्रुवारीपासून राज्याने महिन्याला दहा लाख रुपये भरायचे. सतरा वर्षं कपाटात पडलेला कायदा मग दोन महिन्यांत धावायला लागला.

मी गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा निलंग्याकडचा, लातूर जिल्ह्यातला. नोकरीने इकडे आलो आणि इथलाच झालो. ग्रामसेवकांनी शाळेत निरोप धाडला, "सर, एका समितीत तुमचं नाव टाकलंय. येता येता सही तेवढी करून जा." मी गेलो. नियमाप्रमाणे सात जण हवे होते, त्यात एक तृतीयांश बायका, शिवाय अनुसूचित जाती-जमातींचा वाटा. कागदावर सगळं बसवलेलं होतं. बायकांच्या रकान्यात ज्या नावांपुढे सह्या व्हायच्या होत्या, त्या कुणाच्या घरच्या हे गावात कुणालाही विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांना आपण समितीत आहोत हे सहीच्या दिवशी कळलं. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या भोईवाड्यातलं मात्र एकही नाव नव्हतं.

घरी जाऊन नियम वाचले. नागपूरला राज्य जैवविविधता मंडळ आहे, २०१२ पासून. त्याने किंवा वरच्या राष्ट्रीय प्राधिकरणाने विचारलं तर गावातल्या वनस्पती, प्राणी, मासे यांच्या वापराबद्दल समितीने सल्ला द्यायचा. वैदूंची माहिती ठेवायची. बाहेरचा कुणी धंद्यासाठी काही गोळा करून नेणार असेल तर त्याच्याकडून शुल्क घ्यायचं. आणि मुख्य काम, लोकांशी बोलून नोंदवही लिहायची. वाचताना वाटलं, हे तर चांगलं आहे. एवढा अधिकार गावाकडे आहे आणि आपण सही करून मोकळे झालो.

नोंदवही आम्ही लिहायच्या आधीच तयार होऊन आली. एका संस्थेला तालुक्यातल्या बऱ्याच गावांचं काम मिळालं होतं. स्पायरल बांधणी, वर आमच्या गावाचं नाव, आत रंगीत फोटो. मी माशांचं पान काढलं. पहिल्या दोन ओळी बांगडा आणि सुरमई. खाली कांदळवन, त्यापुढे 'आढळते'. पंचायतीत जे हसू फुटलं ते आवरेना. नांदेडहून समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर दूर. कोकणातल्या कुठल्यातरी गावाच्या वहीवर आमचं नाव चिकटवलं गेलं असणार. तिकडे कदाचित आमची ज्वारी आणि लाल कंधारी गाय पोचली असेल. वहीवर सातही सह्या झाल्या, माझीही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि वही कपाटात गेली. तारीख पाळली गेली होती, दंड वाचला होता.

दुसऱ्यांदा हे प्रकरण उघडलं ते १५ जानेवारी २०२१ च्या निवडणुकीनंतर. नवी पंचायत बसली, नवे सरपंच माझ्याच शाळेत शिकलेले. समिती पुन्हा नेमायची झाली तेव्हा मी एवढंच म्हणालो, की भोईवाड्यातलं कुणीतरी घ्या, आणि बाई घ्या. आठवडी बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या एका मावशींचं नाव पुढे आलं. मी निरोप घेऊन गेलो. त्या खवले काढत होत्या.

"समितीत काय मिळतंय?"

"काही नाही, मावशी."

"मग मला कशाला बसिवता?"

"मासे कोणकोणते ते लिहायचंय. मला काय ठाऊक आहे?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "ते खरंय," म्हणाल्या.

नोंदवहीच्या तक्त्यात प्रत्येक जातीपुढे दोन रकाने असतात, पूर्वीची स्थिती आणि आताची स्थिती. ज्याने कुणी हे दोन रकाने एकाशेजारी एक ठेवले त्याला मी मनापासून मानतो, कारण सगळं बोलणं तिथूनच निघालं. संध्याकाळी शाळा सुटल्यावर काठावर बसायचं. मावशींचे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं, ते सांगायचे, मी लिहायचो, आठवीतली दोन पोरं मोबाइलवर फोटो काढायची, म्हणजे नंतर पुस्तकात बघून शास्त्रीय नाव लावता यावं. मरळ: पूर्वी भरपूर, आता क्वचित. वाम, म्हणजे पुस्तकातली मास्टासेंबेलस आर्मेटस: पूर्वी खडकाच्या कपारीत हमखास, आता कपारीच गाळाने बुजल्या. शिंगाळा: मोठा मिळेनासा झाला. रोहू, कटला: सोडलेल्या बीजाचे, ते आहेत. चिलापी: पूर्वी नव्हती, आता जाळं काढलं की तीच. मागूरबद्दल विचारलं तर मामा म्हणाले, देशी मागूर गेला. हा दुसरा काळा कुणीतरी तळ्यात पाळला आणि पुरात नदीत आला. तो आफ्रिकन मागूर. त्याच्या पैदाशीवर २००० सालीच बंदी आली आहे, आणि आमच्या नदीला त्या बंदीचा पत्ता नाही. मऊ पाठीच्या कासवाचं नाव निघालं तेव्हा मामा गप्प बसले. वन्यजीव कायद्याने ते पकडायला बंदी आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. "दिसतंय कवा कवा," एवढंच बोलले. मी तेवढंच लिहिलं.

वैदूंकडेही गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी झाडाचं नाव सांगितलं, रोग सांगितला, आणि कृती सांगायला साफ नकार दिला. बरोबरच होतं त्यांचं. वहीत लिहिलेलं उद्या कोण वाचेल याची हमी मी तरी कुठून देणार होतो? रकाना कोरा ठेवला.

आमच्या गावापासून खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. श्रीराम सागर धरणाच्या फुगवट्यात बांधलेला, म्हणून दोन राज्यांत भांडण झालं. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, बाकी वर्ष बंद, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. त्यावर देखरेखीला तिघांची समिती, केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन राज्यांचा एकेक. दरवर्षी १ जुलैला अधिकारी येतात, चौदा दरवाजे वर जातात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. मीही तो फोटो इतकी वर्षं पाण्याच्या वाटपाचा म्हणूनच बघत होतो.

मामांनी त्यात दुसरंच दाखवलं. मिरगाचा पहिला लोंढा आला की मासा चढायला लागतो, अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे. मृग लागतो ७ जूनच्या सुमाराला. दरवाजे उघडतात १ जुलैला. ज्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, त्या वर्षी चढणीचे मासे बंद दाराशी येऊन थांबतात, आणि तिथे जाळी घेऊन माणसं उभीच असतात. ज्या वर्षी पाऊस लांबतो, ते वर्ष माशाला बरं. "कोर्टानं पाण्याची तारीख बांधली," मामा म्हणाले, "माशाला कुठं ठावं हाय?" तिघांची ती समिती पाण्याचा हिशेब चोख ठेवत असेल, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या हिशेबात मासा नाही, आणि तो मांडू शकेल असा माणूसही तिथे नाही.

मग आमच्या समितीने सल्ला द्यायचा ठरवला. कुणी विचारला नव्हता तरी. जूनमध्ये पूर आलाच तर एकदोन दरवाजे आधी उघडण्याचा विचार व्हावा, असं मी लिहून नेलं. ग्रामसभेत ते वाचायला सुरुवात केली आणि मागून आवाज आला, "आणि आमच्या मोटारी काय वाळूत टाकायच्या का?" काठावर ज्यांचा ऊस आहे, हळद आहे, त्यांना जूनमध्ये साठलेलं पाणी सोन्यासारखं. चूक त्यांचीही नव्हती. मी लातूरकडचा माणूस. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं, ते घागरीने भरून आणणाऱ्यांत माझी बहीण होती. पाणी आधी सोडा असं म्हणायला माझीच जीभ रेटेना. तो परिच्छेद तिथल्या तिथे खोडला.

उरलं ते आमच्या हातातलं. गावच्या हद्दीत दोन ओढे नदीला मिळतात. मृगापासून जुलैअखेर ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावायचं नाही, आणि बारीक आसाचं जाळं वर्षभर नाही, असा ठराव मावशींनी मांडला. मी त्यांना सांगितलं होतं की समुद्रावर सरकार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच ठेवतं, १९८१ चा कायदा आहे त्याला. किनाऱ्याला सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे, मच्छीमारांच्या मोठमोठ्या संघटना आहेत, मंत्री आहेत. नदीच्या भोयाला काय आहे, तर तळ्याच्या ठेक्याची सोसायटी. आणि हेही सांगितलं, की सिंधुदुर्गात आंबोलीला एका बोटाएवढ्या माशासाठी, हिरण्यकेशी नावाच्या, देवळाजवळची जागा २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून राखून ठेवली. "देवळाजवळ म्हणून ठेवली असंल," मावशी म्हणाल्या. त्या समितीतल्या सगळ्यांत हुशार सभासद आहेत, हे माझं मत तेव्हापासूनचं.

वाळूचं मात्र काही जमलं नाही. कासव वाळूत अंडी घालतं, वाम वाळूत लपते, पण वाळू गौण खनिज. ती जैविक संसाधन नाही, म्हणून आमच्या समितीच्या कक्षेत येत नाही. रात्रीच्या ट्रॅक्टरांबद्दल बैठकीत विषय निघाला की दोन सभासद चहा सांगायला उठतात. यापुढे मी इथे लिहीत नाही. मला याच गावात राहायचंय.

देवणी तालुक्यात माझे मेहुणे त्यांच्या गावच्या समितीवर आहेत. त्यांच्याकडे नदी नावापुरती, पण गुरांची पानं त्यांनी अशी लिहिली आहेत की वाचत राहावं. देवणी जातीचे तीन प्रकार, वानेरा, बालांक्या, शेवरा, कुठल्या घरी कोणता, वळू कुणाकडे उरला, बाजारात कोणत्या अंगाच्या खोंडाला भाव. त्यांचीही पहिली वही तयार होऊन आलेली होती. त्यांनी ती परत केली, आम्ही सही केली. बाकी प्रवास सारखाच. मांजरा त्यांच्या जिल्ह्यातून वाहत येऊन आमच्या खाली कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते, तेव्हा दोन्ही वह्यांतले मासे खरं तर एकाच तक्त्यात हवेत, असं ते म्हणतात. वह्या मात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीपाशी संपतात.

नवी वही आम्ही हाताने लिहून तालुक्याला दिली. पोच मिळाली. नागपूरहून सल्ला विचारायला अजून कुणी आलेलं नाही. ठरावाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी तो कुणी मनावर घेतला नाही. गेल्या मृगात ओढ्याच्या तोंडाला दोन जाळी सापडली. एक शेजारच्या गावातल्यांचं, ते जाळं टाकून पळाले. दुसरं मावशींच्या सख्ख्या पुतण्याचं. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पोरगं आहे, समज देऊन सोडू, असं अध्यक्ष म्हणाले. मावशींनी पिशवीतून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली. "पावती फाडा," म्हणाल्या.

कायद्यात स्थानिक जैवविविधता निधी आहे, पण आमचं त्या निधीचं खातं अजून उघडलेलं नाही. ग्रामसेवकांनी पावतीपुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, असा दंड कोणत्या सदरात घालायचा ते सापडेना. शेवटी 'इतर जमा' लिहून पावती फाडली. खातं उघडण्याचा विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे.