भाव चढले, छतं उतरली

अंबरनाथचा विम्को नाका अजून त्याच नावानं ओळखला जातो. 1920च्या दशकात इथं स्वीडिश भांडवलावर विम्कोचा काड्यापेटीचा कारखाना उभा राहिला आणि कुठकुठल्या घरांतल्या चुली, कंदील, समया त्याच्या काडीवर पेटत राहिल्या. त्याच दशकात, 1922 साली, कर्जतच्या अंगाला भिवपुरीत घाटावरून उतरवलेलं आंध्रा नदीचं पाणी वीज करू लागलं. ती वीज निघाली मुंबईला. उजेड तयार करायचा आणि दुसऱ्याकडे धाडायचा, हा या पट्ट्याचा जुना धंदा.

आता याच पट्ट्यातल्या चिखलोलीत इमारती दाटल्या आहेत आणि त्यांतल्या जुन्या घरांची दुरुस्ती निघाली आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर चिखलोली स्टेशन होणार म्हटल्यावर भाव चढले आणि घराघरांत छतं खाली उतरली. पीओपीचं सिलिंग! एरवी कुणी मान वर करून पाहत नाही अशा जागेवर घरातला सगळ्यात मोठा वाद होतो.

आमच्या वायरमनदादांनी हॉलच्या छतावर पेन्सिलीनं बारा गोल काढले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ताई, एलईडी आहे. बिल कुठं येतंय?"

खरं तर बल्बापुरतं त्यांचं बरोबर होतं. साठ वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिट खातो. तेवढ्याच उजेडाचा नऊ वॉटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. निळा एलईडी शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल मिळालं, ते उगाच नाही. निळा सापडला म्हणूनच पांढरा शक्य झाला. त्याच सुमारास सरकारी खरेदीत एका बल्बाला तीनशेच्या वर रुपये पडत होते. उजाला योजनेच्या घाऊक खरेदीनं दोन वर्षांत तो भाव चाळिशीच्या खाली आणला. एवढं स्वस्त झालेलं काहीही आपण काटकसरीनं वापरत नाही, हीच खरी गोम.

कारण बारा गोल गुणिले बारा वॉट म्हणजे एकशे चव्वेचाळीस. आधी याच हॉलमध्ये एक ट्यूब होती. चोकसकट तिचे पन्नासएक वॉट. म्हणजे वीज वाचवणारे दिवे लावून आम्ही जवळजवळ तिप्पट वीज जाळणार, वर कडेनं स्ट्रिप वेगळीच. फुकटपणाचा हा भास आपल्याला नवा नाही. रात्रभर जळणाऱ्या 'झिरो'च्या बल्बाला कोण मोजत होतं? तोही चांगले बारा-पंधरा वॉट खायचा. फक्त जुन्या मीटरची चकती बरेचदा त्याची दखल घेत नसे.

मग मी उलटीकडून निघाले. दिवा कुठं शोभेल हे बाजूला ठेवून घरात कोण कुठं बसून काय करतं, ते पाहिलं. सासूबाई खिडकीपाशी तांदूळ निवडतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. छतावर बारा चंद्र टांगले तरी ताटातला खडा काही दिसायचा नाही. त्यांना खांद्याशी वाकवता येईल असा एकच दिवा हवा. ओट्याशी उभं राहिलं की पाठीमागच्या दिव्यानं आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून तिथली पट्टी कपाटाच्या खाली. तिला कलर रेंडरिंग, म्हणजे रंग खरे दाखवण्याचं माप, नव्वदच्या वरचं. महागडं आहे, पण हळद हळदीसारखी आणि पापलेट ताजं की कालचं ते दिसायला हवं ना! स्वयंपाकघराला पांढरा, निजायच्या खोलीला तीन हजार केल्विनचा पिवळसर. साडेसहा हजार केल्विनचा निळसर झगझगाट हल्ली दिवाणखान्यांतसुद्धा दिसतो. मला तिथं केस पेपर काढून बसावंसं वाटतं.

दुकानात सगळे वॉट विचारतात. विचारायचे असतात ल्युमेन, म्हणजे उजेड किती ते, आणि खोक्यावरचे तारे बघायचे असतात. खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असतात, पण ते दिव्याला वारा मिळाला तर. पीओपीच्या पोटात उष्णता कोंडली की डायोड धडधाकट राहतो आणि त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आधी मरतो. मग शिडी आणा, छत उकरा. उघड्यावरची वीस वॉटची साधी पट्टी म्हणूनच मला जास्त शहाणी वाटते. हॉलमध्ये सगळीकडे पसरणारा उजेड देते आणि बिघडली तर स्टुलावर चढून बदलता येते.

शेवटी पट्टी एक, भिंतीला दोन दिवे, सासूबाईंचा वाकवता दिवा, प्रत्येकाचं बटण वेगळं. वायरमनदादांनी यादी वाचली, मग वर पाहिलं. छताचा सांगाडा ठोकून झाला होता.

"पण ताई," ते म्हणाले, "मग हे पीओपी कशाला केलं?"

सासूबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "शेजारच्यांनी केलं म्हणून."