टेबलाच्या पादुका

लाकडात भोक पाडलं आणि त्याचा तळ सपाट निघाला! ताटासारखा सपाट! फॉर्स्टनर बिट म्हणतात त्या पात्याला. नेहमीच्या ड्रिलच्या पात्याने भोक खाली निमुळतं होतं. इथे मधोमध टोकाची बारीकशी खूण, बाकी सगळं गुळगुळीत, आणि कडा कशा स्वच्छ. बेंजामिन फॉर्स्टनर नावाच्या अमेरिकेतल्या बंदूक कारागिराने १८७४ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे दीडशे वर्षं ही गंमत जगात आहे आणि मला कुणी सांगू नये?

हे वेड लागलं जमिनीपायी. न्यू जर्सीतल्या आमच्या जुन्या घराची जमीन लाल ओकची आहे. सव्वादोन इंची पट्ट्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. फरशीवर वाढलेल्या माणसाला खुर्ची खरकन ओढायची सवय असते. इथे तसा आवाज झाला की माझ्या पोटात गोळा येतो. दुकानातले चिकटवायचे फेल्टचे तुकडे आणले, पण खुर्ची ओढली की सगळा आडवा जोर त्या गोंदावर येतो. तुकडा सरकतो, उघड्या पडलेल्या गोंदावर माती बसते, आणि मातीतला वाळूचा कण पॉलियुरेथेनचा थर खरवडत जातो.

मग वाचायला लागलो, आणि काय सांगू! लाकडाचा टणकपणा मोजायला जांका कसोटी असते. सुमारे ११.३ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. लाल ओकला १२९० पौंड, हार्ड मेपलला १४५०. आणि आपला साग? अकराशेच्या आसपास! सागाच्या नावाने आयुष्यभर छाती फुगवणाऱ्या आमच्या घराण्याला ही बातमी अजून कळवलेली नाही.

पण लाकूड टणक असलं तरी भारी टेबलाचा सगळा भार चार बारीक पायांवर येतो. इंचभर जाडीच्या गोल पायाखाली तीन इंच व्यासाची लाकडी चकती ठेवली तर टेकायची जागा नऊपट होते, म्हणजे दाब एक नवमांश! शाळेतलं वर्तुळाचं सूत्र इतक्या वर्षांनी कामाला आलं. चकतीच्या वरच्या अंगाला पाय बसेल असा खळगा, खालच्या अंगाला पूर्ण रुंदीचं फेल्ट. पाय खळग्यातून निसटत नाही आणि गोंदावरचा ताणही नऊपट जागेत वाटला जातो. टेबलाने पादुका घातल्या!

करायला अगदी सोपं. मेपलच्या फळीवर गुण्याने रेघा मारा, फळी क्लॅम्पने घट्ट आवळा आणि आधी खळगे पाडा, मगच तुकडे कापा. छोटा तुकडा हातात धरून ड्रिल चालवायचं नाही, तो गर्रकन फिरतो. खळग्यात मिलिमीटरभर मोकळीक ठेवा, कारण लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी पडली की आमच्या पट्ट्यांमध्ये फटी दिसतात त्या यामुळेच. शेवटी पॉलिश पेपर, आधी १२०चा, मग २२०चा. फेल्टऐवजी रबर लावू नका. त्यातली रसायनं जमिनीच्या पॉलिशवर डाग पाडू शकतात.

खुर्च्यांना मात्र पादुका चालत नाहीत. खुर्ची उचलली की त्या जमिनीवरच राहतात! तिथे उलटं करायचं: खुर्चीच्या पायाच्या तळालाच उथळ खळगा पाडायचा आणि फेल्ट त्यात अर्धं बुडवून चिकटवायचं. आडवा जोर मग लाकडाच्या कडेवर येतो. काय डोकं आहे! (माझं नव्हे, ही जुनी युक्ती आहे.) अधूनमधून खुर्ची उलटी करून फेल्टमध्ये अडकलेले कण झटकले की झालं.

आता नजर सोफ्यावर आहे. त्याचे पाय चौकोनी, त्यामुळे खळग्याचे कोपरे पटाशीने काढावे लागतील. पटाशी आली की धारेचा दगड आला, आणि रंधा तर मला आधीपासूनच हवा होता. बायकोने गॅरेजमधली एक भिंत दिली आहे. दुसरीबद्दल बोलणी चालू आहेत.