बातमी छापली, पुढे काय झालं ते विचारलंच नाही

आज जरा स्वतःचीच चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला टॅब वाटले. बातमी मीच केली. फेटे, हारतुरे, हसरी पोरं, चार कॉलमी फोटो. 'विद्यार्थ्यांच्या हाती डिजिटल पाटी' हा मथळाही माझाच.

परवा दुसऱ्याच कामाने त्या शाळेत गेलो. सहज विचारलं, "सर, ते टॅब कुठायत?" सरांनी कपाट उघडलं. पोषण आहाराच्या रजिस्टरांखाली सगळे नीट रचून ठेवलेले. काहींच्या बॅटऱ्या फुगलेल्या, काहींचे चार्जरच नाहीत. सर म्हणाले, "फुटला तर भरून कोण देणार? म्हणून मुलांच्या हातात देत नाही. आणि यावर शिकवायचं कसं, हे मला तरी कुणी शिकवलं?" चार वर्गांना दोन शिक्षक. बिल थकलं की लाईट कट. सरांना दोष कुठल्या तोंडाने देणार?

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' म्हणत आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं लॅपटॉप वापरायला शिकली, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी पुढेही गेली. पण गणित आणि भाषेत फरक पडला नाही. कारण साधं आहे. यंत्र वर्गात आलं, शिकवणं होतं तसंच राहिलं. इंटरनेट तर बहुतेक शाळांत नव्हतंच.

म्हणून कॉम्प्युटर नकोत, असं मी म्हणत नाही. शहरातल्या पोराला तो घरी मिळतो. शेतमजुराच्या पोरीला शाळेतच मिळणार, आणि तिथेच तो कुलपात आहे. नुकसान तिचं होतंय.

खरेदीला निधी मिळतो, कारण खरेदीचा फोटो निघतो. दुरुस्तीचा, वीजबिलाचा, शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा फोटो निघत नाही. आणि असा फोटो नसला की आम्ही पत्रकारही फिरकत नाही. यात मीही आलोच.

आता ठरवलंय. वाटपाची बातमी करताना बिघडलं तर दुरुस्त कोण करणार आणि शिक्षकांना किती दिवस शिकवणार, हे तिथेच विचारायचं. सहा महिन्यांनी परत जायचं.

तुम्हीही आपल्या गावच्या शाळेत एकदा चक्कर मारा. कपाटात काय सापडलं ते मला कळवा. शिक्षकाचं नाव छापणार नाही, शब्द देतो.