राखेतली चवळी

माणदेशात पावसाच्या भरवशावर भाजी लावणारा माणूस शहाणा समजला जात नसे. आमची भाजी न्हाणीच्या पाण्यावर यायची. घराच्या मागं परसू, परसवाला लागून न्हाणी, आणि न्हाणीतून निघालेला हातभर रुंदीचा चर. अंघोळीचं, भाजी धुतल्याचं, राखेनं घासलेल्या भांड्यांचं सगळं पाणी त्या चरातून जायचं. चराच्या दोन्ही अंगांना गवारीच्या ओळी, वांग्याची पाच-सहा झाडं, मिरच्या, कुडावर चढवलेला दोडका, आणि टोकाला चवळी. वैशाखात ऊन फार झालं की आजी तुराट्या रोवून वर चिपाडं टाकायची. शेंगा पहाटेच तोडायच्या, हा तिचा नियम. “उन्हात तोडलेली शेंग दुपारपातूर मान टाकती,” म्हणायची.

उन्हाळ्याच्या शेवटी या एवढ्याशा जागेत भाजी एकदम यायची. पंधरा दिवस खाऊन सरायची नाही आणि पुढं दोन महिने बघायला मिळायची नाही. आषाढात नवी झाडं टीचभर असतात, पावसाळी वाटा बंद असतात, आणि घरात पैसा नसतो, कारण तो पेरणीत गेलेला असतो. वाळवण या दोन महिन्यांसाठी. शहरातल्या लोकांना ते तोंडी लावणं वाटतं. आमच्याकडं ते कालवण होतं.

गवार आई मिठाच्या उकळत्या पाण्यात घालायची आणि रंग बदलला की लगेच उपसायची. जास्त शिजली तर वाळल्यावर तिचा भुगा होतो. वांग्याच्या फोडींना मीठ-हळद लावून माळवदावर जुन्या धोतरावर पसरायच्या. भाजी पुरती वाळली की नाही हे बघायचं सोपं असतं. बोटानं वाकवली आणि वाकली तर अजून एक दिवस. कट्‌कन मोडली तर गाडग्यात. मिरच्यांना चीर देऊन आत मीठ, हिंग, मेथी, धणे-जिरे भरायचे. त्या रात्री ताकात, दिवसा उन्हात, असं ताक संपेपर्यंत. माळ्यावर ठेवलेला कोहळा याच वेळी खाली यायचा. तो किसून, मीठ लावून पिळायचा आणि वाटलेल्या उडदाच्या डाळीत कालवून त्याचे सांडगे घालायचे. मी काठी घेऊन कावळ्यांच्या राखणीला. रोहिणी लागायच्या आत सगळं घरात गेलं पाहिजे, कारण वळीव सांगून येत नाही. पश्चिमेला काळं दिसलं की अख्ख्या गल्लीतल्या बाया माळवदावर धावायच्या. आधी स्वतःचं उचलायचं, मग ज्या घरी कुणी नसेल त्या घरचं.

वाळवण आईचं खातं होतं, बियाणं आजीचं. ज्या वेलावर पहिली ठसठशीत शेंग धरायची, त्याला ती तांबडी चिंधी बांधायची. त्या वेलाची शेंग कुणी तोडायची नाही, पाहुणा आला तरी नाही. शेंग वेलावरच वाळायची, मग सोलून दाण्यांना ऊन दाखवायचं, निवू द्यायचं, आणि चाळलेल्या राखेत कालवून गाडग्यात भरायचं. राख दाण्यादाण्यात बसते, ओल धरू देत नाही, भुंग्याला हालचाल करता येत नाही. वर कडुनिंबाचा पाला आणि तोंडाला शेणमातीचं लिंपण. भोपळ्याच्या बिया ती शेणात थापून गोवरी भिंतीला लावायची. मृगात गोवरी फोडायची.

१९७२ साली पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड नव्हताच. न्हाणीच्या चराला पाणी यायचं बंद झालं, कारण अंघोळीच बंद झाल्या. परसवातली झाडं उभ्यानं वाळली. दादा आणि आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. तिथं सुकडी मिळायची, आणि रेशनवर तांबडा मिलो. मिलोची भाकरी तव्यावरच चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. तिच्याबरोबर आदल्या उन्हाळ्यातली वाळली गवार, दोन-दोन सांडगे, एखादी ताकातली मिरची. आई गाडग्यात हात घालायची तो मोजून. होळीच्या आसपास तो हात मडक्याच्या बुडाला लागला. मी दहा वर्षांची होते. तो आवाज मला ओळखता यायचा.

धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. तिला ताप येऊन गेला होता आणि मिलो तिच्या पोटात ठरत नव्हता. एका रात्री आई कामावरून आली, हातपाय न धुताच उंबऱ्यावर बसली आणि आजीला म्हणाली,

“आत्याबाई, चवळीचं गाडगं काढू का?”

“बी हाय त्ये.”

“बी हाय म्हणूनच इचारतीया. न्हाईतर काढलंच असतं.”

“आन् मिरगाला मातीत काय टाकशीला?”

“मिरगापातूर पोरगी ऱ्हायली तर बगू.”

दादा भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते काही बोलले नाहीत. या गोष्टीत त्यांना बोलायचा अधिकार नव्हता, हे तेही जाणून होते. आजी बराच वेळ बसून राहिली. मग स्वतःच उठली, कोपऱ्यातलं गाडगं आणलं आणि नखानं लिंपण फोडलं. सुपात राख पाखडून तिनं चवळी मापट्यानं मोजली. दोन मापटी भरली. एक मापटं परत राखेत गेलं, आणि एक तिनं आईच्या पदरात ओतलं.

त्या रात्री घुगऱ्या शिजल्या. नुसतं मीठ आणि तिखट. आजी म्हणाली, “माजी एकादस हाय.” एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. आईनंही ते मोजलं असणार, पण तिनं आग्रह केला नाही. पुढं आठ-दहा दिवस मूठ-मूठ चवळी शिजत राहिली, ती बहिणीसाठी. कढण तिच्या पोटात ठरलं.

बहीण त्या चवळीनं वाचली, असं मी म्हणणार नाही. सुकडी होती, तिचं नशीब होतं. आणि आजी चुकत होती असंही मला कधी वाटलं नाही. बी खाल्लेल्या घरांचं पुढं काय होतं, हे तिनं तिच्या लहानपणी बघितलं होतं. दोघीही एकाच पोरीचा विचार करत होत्या. एक येत्या आठवड्याचा, दुसरी येत्या वर्षांचा.

१९७३ ला पाऊस आला. उरलेलं मापटं मृगात मातीत गेलं. आजीनं त्यातल्या शेंगा फारशा खाऊ दिल्या नाहीत. वेल वाळले तेव्हा तिनं कोपऱ्यात एकाऐवजी दोन गाडगी मांडली. दोन्हींत राख, दोन्हींवर लिंपण. फक्त एकाच्या गळ्याला तांबडी चिंधी. आईला हाक मारून म्हणाली, “ह्ये मिरगाचं. आन् ह्ये तुजं. हे फोडताना मला इचारू नगंस.” त्या रात्रीबद्दल दोघींचं एवढंच बोलणं झालं.

आता चुली गेल्या, चाळून घ्यायला राख मिळत नाही. बियाणं पाकिटात येतं. गुलाबी रंगाचं, औषध लावलेलं असतं, आणि खाण्यासाठी वापरू नये असं पाकिटावर छापलेलं असतं. आईनं आजीला विचारला तो प्रश्न त्या पाकिटापुढं कुणाला पडायचाच नाही.

गावाकडं धाकटी बहीण मात्र अजून घरचंच बी धरते. न्हाणीच्या जागी मोरी आली, पण चर तिनं बुजवू दिला नाही. वैशाखात गवार वाळवते, माझ्याकडं एक पिशवी पाठवते. तिच्या फडताळात चवळीच्या दोन बरण्या असतात, एकीला तांबडा दोरा. दुसरी बरणी कशाला, असं सुनेनं विचारलं तर म्हणते, “आपल्यात दोन ठेवत्यात.” त्यापलीकडं तिला सांगता येत नाही. ती तेव्हा दोन वर्षांची होती.