जुन्या संगणकाची तपासणी

दुरुस्तीवाला म्हणाला, "२००९ ची मशीन आहे, भंगारात द्या, नवीन घ्या." सल्ला फुकट होता, नवीन संगणक नव्हता. शिवाय लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या या संगणकात आईने सांगितलेल्या, थोरलीने टाइप केलेल्या आठवणी होत्या. आई आता नाही.

बटण दाबले की पंखा फिरे, पडदा मात्र काळाच. पंखा फिरतो म्हणजे निदान वीज आत पोहोचते. वायर काढून, लोखंडी खोक्याला हात लावून आम्ही रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, वायर जोडून पुन्हा बटण दाबले. लांब बीप वाजू लागले. वाचकहो, ही तक्रार ऐकून आम्हाला आनंदच झाला! रॅम नाही हे ओळखण्याइतके मदरबोर्ड आणि प्रोसेसर शुद्धीवर होते.

पुन्हा वायर काढली. पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, खाचेतली धूळ ब्रशने झटकली, एकच पट्टी बसवली. अक्षरे उमटली! घड्याळ २००९ साल दाखवत होते. ते दुखणे मदरबोर्डावरच्या ३ व्होल्टच्या चपट्या सेलचे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पण ते नंतर. थोरलीने आधी पेनड्राइव्ह लावला.