पदवी मनाची, प्रश्न पोटाचा

आपल्या घरांत मुलगा सी.ए. झाला किंवा मुलगी एम.बी.बी.एस. झाली, की पुढे काय, असे सहसा कोणी विचारत नाही. मानसशास्त्रात पीएच.डी. झालेल्या मुलीला मात्र हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो. अलीकडे आपल्या मुलामुलींचा या विषयाकडे ओढा वाढला आहे. त्यांचे आईवडील मला दूरध्वनी करतात, इकडचे तिकडचे बोलतात आणि शेवटी संकोचत विचारतात, "एवढे शिकून मिळकत किती?" या प्रश्नात संकोचण्यासारखे काही नाही. पाच-सहा वर्षे अभ्यासाला देणाऱ्या व्यक्तीने आणि तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कुटुंबाने तो विचारलाच पाहिजे.

मी सांगलीच्या हळद-व्यापारी घरातली. अडत दुकानाच्या गादीवर बसून लहानाची मोठी झाले. भाव चढेल की पडेल हे कोणालाच ठाऊक नसताना माणसे माल विकण्याचा किंवा राखून ठेवण्याचा निर्णय कशी घेतात, हे कुतूहल तेथेच जडले आणि पुढे तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला. डॅनिएल कानमन या मानसशास्त्रज्ञाला २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अनिश्चिततेत माणूस निर्णय कसे घेतो याच्या अभ्यासासाठी. या विषयाला मोल आहे, एवढा धीर मला त्या नावाने दिला. पण धीराने घरखर्च चालत नाही. पदवी हाती आली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर दुकान अर्धवेळच उघडत होते आणि धाकट्या भावाचे शिक्षण सुरू होते.

समोर तीन वाटा होत्या. पहिली अध्यापनाची. सातव्या वेतन आयोगानुसार महाविद्यालयातील कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असते, त्यावर भत्ते मिळतात. हे उत्पन्न सन्मानाचे आहे. अडचण जागांची असते. मला मिळाले ते तासिका तत्त्वावरील काम. जेवढे तास शिकवावे तेवढेच मानधन, सुटीच्या महिन्यांत काहीच नाही.

दुसरी वाट उपचाराची. आजी मला कौतुकाने 'मनाची डॉक्टर' म्हणत असे, आणि पुष्कळांचा समज तोच असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. आपल्या देशात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेले प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण आवश्यक असते. केवळ पीएच.डी. झाल्याने तो अधिकार मिळत नाही. माझ्या वेळी याचा अर्थ आणखी दोन वर्षांचे एम.फिल. असा होता. आता एम.फिल.ची व्यवस्थाच बदलत आहे. म्हणून ज्याला रुग्णसेवा करायची आहे त्याने पीएच.डी.ला नाव घालण्यापूर्वी परिषदेचे ताजे नियम वाचावेत. या क्षेत्राची खरी ओढ असेल तर ती वर्षे जरूर द्यावीत. केवळ पर्याय सुचत नाही म्हणून देऊ नयेत.

तिसरी वाट मला अण्णांच्या एका वाक्याने दिसली. ते म्हणाले, "बाळ, माल चांगला असणे वेगळे आणि त्याला गिऱ्हाईक असणे वेगळे. तुझ्याकडे नेमके काय आहे ते आधी मांडून तर बघ." मी कागद घेऊन बसले. 'मानसशास्त्र' हा शब्द न वापरता मला काय येते ते लिहिले. उत्तर सुचवले जाणार नाही असा प्रश्न विचारता येतो. कोणत्या आणि किती माणसांना विचारले म्हणजे निष्कर्ष विश्वसनीय ठरेल ते सांगता येते. आकड्यांचे विश्लेषण करता येते, आणि आकडे जे सांगत नाहीत ते त्यांच्या तोंडी न घालण्याची शिस्त आहे.

या यादीला गिऱ्हाईक होते. विमा, बँका, औषधे आणि मोबाइल ॲप यांच्या कंपन्यांना ग्राहक कोठे अडखळतो हे जाणून घ्यायचे असते. पुण्यातील एका विमाविषयक कंपनीने मुलाखतीत विचारले, "लोक आमचा अर्ज अर्ध्यावर का सोडतात?" मी म्हटले, "चार दिवस द्या, दहा जणांच्या शेजारी बसून बघते." माझे शोधनिबंध कोणी चाळलेही नाहीत. वार्षिक अठरा लाखांवर नेमणूक झाली. भावाची फी वेळेवर गेली आणि अण्णांना दुकान पूर्ण वेळ उघडण्याची घाई करावी लागली नाही. पैशाचे हे मोल मी कधीही कमी लेखणार नाही.

मात्र या वाटेवरची परीक्षा निराळी असते. दोन वर्षांनी मला एक काम सांगण्यात आले. जादा विमा नाकारणाऱ्या बटणावर असे वाक्य लिहायचे की ते दाबताना माणसाला आपण घरच्यांची काळजी करत नाही असे वाटावे. अपराधीपणाची भावना कशी जागवावी हे मला शिकवलेलेच होते. तेच ज्ञान शेजारी बसून अर्ज सोपा करते आणि तेच माणसाची कोंडी करते. मी लेखी नकार दिला. माझी बदली दुसऱ्या गटात झाली आणि त्या वर्षीची पगारवाढ नाममात्र राहिली. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार आहेत आणि ग्राहकाला लाजवून होकार घेणे हा त्यांपैकी एक. नियम आला हे बरेच झाले, परंतु माझ्यापुढे कागद आला तेव्हा तो नव्हता.

तो नकार मला परवडला याचे कारण माझे धैर्य मोठे होते असे नाही. घराचा हप्ता मी पगाराच्या एक चतुर्थांशाहून वर जाऊ दिला नव्हता आणि आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला होता. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या पालकांना मी दोन गोष्टी सांगते. पहिली, पदवीच्या नावाला भाव नसतो. तिच्या बळावर आपण कोणाचा कोणता प्रश्न सोडवू शकतो त्याला असतो, तेव्हा ती यादी प्रबंध लिहीत असतानाच करावी. दुसरी, चांगल्या पगाराची नोकरी निःसंकोच निवडावी, पण पहिला पगार हाती येण्यापूर्वीच राहणी ठरवून घ्यावी. कारण खर्च पगाराएवढा वाढला की मनाविषयीचे सारे ज्ञान मालकाच्या हवाली होते, आणि 'नाही' हा शब्द उच्चारण्याची ऐपत आपल्यापाशी उरत नाही.